आवाजाचे दप्तर : आकाशवाणीच्या महासंचालकांस खुले पत्र

मा. महासंचालक,
आकाशवाणी, नवी दिल्ली यांस,



रणजी करंडक आणि तत्सम देशांतर्गत क्रिकेट सामन्यांचे जे धावते वर्णन आपल्या निरनिराळ्या केंद्रांवरून आजवर प्रक्षेपित झाले, त्यांपैकी जेवढे ध्वनिमुद्रित स्वरूपात कोठेही शिल्लक असेल तेवढे हुडकून काढावे, त्याची रीतसर फेरिस्त तयार करावी, ते कायमचे जतन करावे, आणि यापुढे होणारे असे प्रत्येक वर्णन सामना संपताच हवेत विरून न जाता दप्तरी दाखल होईल अशी तजवीज करावी, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीर करण्याचे कारण असे, की ज्या ठेव्याविषयी मी बोलत आहे तो आपल्या खात्याच्या ताब्यात असला तरी मालकीने सबंध श्रोतृवर्गाचा आहे, आणि त्यातील काही भाग, पुढे सांगेन त्याप्रमाणे, श्रोत्यांच्याच घरांत पडून आहे. तेव्हा त्यांच्याही कानांवर ही गोष्ट जावी हे इष्ट.

कसोटी सामने सोडून रणजीचाच आग्रह का, असे कोणी विचारील. कसोटी सामन्याला साक्षीदार पुष्कळ असतात. त्याचे चित्रीकरण होते, दोन्ही देशांचे वार्ताहर त्यावर रकानेच्या रकाने लिहितात, खेळाडू आत्मचरित्रांत त्याची प्रकरणे करतात, आणि एखाद्या देशाच्या संग्रहातून एखादी गोष्ट नाहीशी झाली तरी ती दुसऱ्या देशाच्या संग्रहात सापडण्याचा संभव राहतो. देशांतर्गत सामन्याला यांपैकी काहीच लाभत नाही. त्याच्यामागे राहतो तो फक्त धावफलक. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकच्या मैदानावर मुंबईचे दोन्ही डाव मिळून २६४ धावा झाल्या असताना तमिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले, आणि पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ व दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले, हे धावफलक आपल्याला बिनचूक सांगतो. परंतु त्या दिवशी शिवलकरांच्या हातून सुटलेला चेंडू हवेत कितपत तरंगत होता, टप्पा पडल्यावर किती झपकन वळत होता, फलंदाज पुढे येऊन फसत होते की मागे राहून, यष्टिरक्षकाचे हातमोजे किती वेळा कपाळापर्यंत वर येत होते, यांपैकी एकही गोष्ट तो सांगत नाही, सांगू शकत नाही. शिवलकर एकही कसोटी सामना खेळले नाहीत. ३ मार्च २०२५ रोजी ते निवर्तले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेणाऱ्या या गोलंदाजाची कला ज्यांनी डोळ्यांनी पाहिली ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि रणजी सामन्यांत ६३७ बळी घेऊनही कसोटीची टोपी न मिळालेल्या हरियाणाच्या राजिंदर गोयल यांच्याविषयीही हेच म्हणावे लागेल. अशा खेळाडूंचा सारा जन्म ज्या मैदानांवर गेला तेथे चित्रण क्वचितच पोचले. तेथे पोचला असलाच तर तो आपल्या खात्याचा ध्वनिक्षेपक.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे मर्म उकलून सांगण्याची वास्तविक गरज पडू नये, कारण अस्सल साधनांचे मोल आम्हांला इतिहासाचार्य राजवाड्यांनी शिकवले आहे. १८९८ साली त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हापासून मराठी वाचकाला बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद ठाऊक आहे: बखर रसाळ असते, वीरश्रीने भरलेली असते, परंतु ती घटनेनंतर पुष्कळ काळाने, फलश्रुती ठाऊक असलेल्या माणसाने लिहिलेली असते, उलट, लढाईच्या दिवशी छावणीतून निघालेले चार ओळींचे पत्र रूक्ष असले तरी ते लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते, आणि त्या अजाणतेपणातच त्याचे प्रामाण्य असते. रणजीच्या सामन्यांविषयी आज आपल्यापाशी ज्या आठवणी, जे लेख, ज्या मुलाखती आहेत त्या सर्व बखरी होत. जुने खेळाडू सांगतात ते खोटे नसते. पण पन्नास वर्षांत प्रत्येक षटकार दहा यार्डांनी लांबतो आणि प्रत्येक पंच थोडा अधिक आंधळा होतो. धावते वर्णन मात्र छावणीतल्या पत्रासारखे आहे. ते करणाऱ्याला पुढचा चेंडू ठाऊक नसतो. सामना कोण जिंकणार हे माहीत नसलेल्या माणसाची नजर कोठे खिळली होती, त्याला कोणत्या फलंदाजाची भीती वाटत होती, कोणता कर्णधार त्याच्या मते चुकत होता आणि पुढे तोच कसा बरोबर ठरला, हे सारे त्या आवाजात जसेच्या तसे राहते.

एकच उदाहरण घ्यावे. १९८१-८२ च्या रणजी उपांत्य सामन्यात बंगळूर येथे कर्नाटकाचे डावखुरे फिरकी गोलंदाज रघुराम भट यांचा चेंडू इतका वळू लागला, की सुनील गावसकर भटांच्या गोलंदाजीला सामोरे जाताना चक्क डाव्या हाताने खेळले आणि इतर गोलंदाजांसमोर नेहमीप्रमाणे उजव्या हाताने. धावफलकात या विलक्षण घटनेला रकाना नाही. तेथे त्यांचे नाव, त्यांच्या धावा आणि ते नाबाद राहिल्याची नोंद एवढेच सापडेल. सुदैवाने गावसकर हे गावसकर असल्यामुळे ही हकीकत लोकांच्या तोंडी राहिली. एखाद्या अप्रसिद्ध फलंदाजाने कोल्हापुरात किंवा अकोल्यात तितकेच धाडस केले असते, तर त्याची नोंद कोणी ठेवली असती?

चांगल्या धावत्या वर्णनात किती सामग्री असते याचा विचार क्रिकेटचे इतिहासकारही पुरेसा करीत नाहीत. समालोचकाच्या शेजारी धावलेखक बसलेला असतो. तो चिठ्ठीवर लिहून, कधी नुसते बोट दाखवून, आकडे पुरवीत असतो, आणि समालोचक दर षटकागणिक धावसंख्या सांगत असतो. क्षेत्ररक्षण कोठे लावले आहे, दोन स्लिप आणि एक गली आहे की स्लिप काढून कव्हरला माणूस नेला आहे, हे तो प्रत्येक बदलाबरोबर सांगतो, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मैदान उभे करण्याचे दुसरे साधन त्याच्यापाशी नसते. दूरचित्रवाणीच्या समालोचकाला चित्राच्या आधाराने गप्प बसता येते. नभोवाणीवर गप्प बसणे म्हणजे मैदानात अंधार करणे. याखेरीज प्रेक्षकांचा गलबला टिपण्यासाठी वेगळा ध्वनिक्षेपक लावलेला असतो, त्यातून बॅटचा आवाज येतो, पंचाकडे केलेला पुकारा येतो, चहापानाच्या सुमारास मैदानाजवळच्या रस्त्याची वर्दळ येते. त्या गावाचा, त्या ऋतूचा, त्या दशकाचा आवाज त्या फितीत आपोआप मुद्रित होतो, आणि भाषाही. मराठी धावत्या वर्णनाची वाट ज्यांनी घडवली ते बाळ ज. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले होते. पायचीत, निर्धाव षटक, यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षण हे शब्द आज शाळकरी मुलाच्या तोंडी सहज येतात ते त्यांच्यासारख्यांनी ध्वनिक्षेपकासमोर बसून, क्षणाचाही अवधी नसताना, बोलत बोलत रुळवले म्हणून. मराठी गद्याच्या इतिहासात मौखिक गद्याचे असे प्रकरण लिहायचे झाले तर त्याचे आधारग्रंथ कोठे आहेत? ते आपल्या कपाटांत असतील तर असतील.

काही गोष्टी कधीच हाती लागणार नाहीत, हे मान्यच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, कमल भांडारकरांबरोबर ४५५ धावांची भागीदारी रचली, आणि ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर राहिला असता प्रतिपक्षाने उपाहाराच्या वेळी सामनाच सोडून दिला. त्या वेळी पुण्यात नभोवाणी केंद्रच नव्हते. ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी मुंबई केंद्र १९२७ पासून चालू होते आणि तेथे ए. एफ. एस. तल्यारखान विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मुंबईच्या चौरंगी व पंचरंगी सामन्यांचे वर्णन एकट्याने, दिवसभर, सहकाऱ्याला शेजारी न बसू देता करीत असत. तो काळ तबकड्यांचा. दिवसभराचे बोलणे मुद्रित करून ठेवणे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नसेल. त्याविषयी कोणाला दोष देता येत नाही.

नंतर चुंबकीय फिती आल्या, पण अडचण संपली नाही. पाव इंच रुंदीच्या बाराशे फुटी रिळावर, सेकंदाला साडेसात इंच या गतीने, सुमारे बत्तीस मिनिटांचे मुद्रण मावते. रोज सहा तासांचा खेळ धरला तर दिवसाला अकराबारा रिळे, आणि चार दिवसांच्या सामन्याला पंचेचाळीसच्या घरात. म्हणजे एका हंगामातले मोजके सामने जरी ठेवायचे म्हटले तरी एक खोली भरून जाणार. फीत महाग, जागा अपुरी, आणि तीच फीत पुसून उद्याच्या कार्यक्रमाला वापरणे हा नभोवाणीच्या जगातला सार्वत्रिक रिवाज. खुद्द बीबीसीनेही आपल्या कित्येक मौल्यवान कार्यक्रमांच्या फिती याच न्यायाने पुसल्या. त्या काळच्या अधिकाऱ्यांनी गांधीजींची प्रार्थनाप्रवचने राखली, थोर गवयांच्या मैफली राखल्या, आणि पुढे आपल्या खात्याने त्यांतील संगीत लोकांसाठी प्रकाशितही केले, याबद्दल देश त्यांचा ऋणी आहे. जतन कसे करावे हे आपल्या खात्याला शिकवण्याची आवश्यकता नाही, हेच त्यावरून सिद्ध होते. क्रिकेटचे वर्णन त्या मानाने क्षणिक वाटले, आजच्या वर्तमानपत्रासारखे उद्या शिळे होणारे वाटले, आणि म्हणून ते मागे पडले.

आता ती सबब उरलेली नाही. काहीही न दाबता, उत्तम प्रतीचे मुद्रण करायचे म्हटले तरी तासाला अर्ध्या जीबीहून फारसे अधिक लागत नाही. पाच दिवसांचा सबंध अंतिम सामना सोळा जीबीत बसतो, म्हणजे अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हवर असे तीनचार सामने खिशात घालून नेता येतील. पंचेचाळीस रिळांची खोली जिथे नखाएवढी झाली तिथे खर्चाचा मुद्दा काढणे शोभणारे नाही. २०१९ च्या सप्टेंबरात आकाशवाणी आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळ यांच्यात दोन वर्षांचा करार होऊन आंतरराष्ट्रीय सामन्यांबरोबरच रणजी, दुलीप, इराणी आदी देशांतर्गत स्पर्धांचेही धावते वर्णन देण्याचे ठरले, तेव्हा माझ्यासारख्यांना मनापासून आनंद झाला होता. असा करार यापुढे जेव्हा जेव्हा होईल तेव्हा त्यात प्रक्षेपणाच्या कलमाबरोबर जतनाचे एक कलम असावे, आणि त्याचा मसुदा करताना हक्कांचा घोळ आड येऊ देऊ नये, कारण राखून ठेवणे आणि प्रकाशित करणे ही दोन भिन्न कर्मे आहेत. ऐकवण्याचा हक्क कोणाचा याचा निवाडा दहा वर्षांनी झाला तरी चालेल. मुद्रण पुसले गेल्यावर निवाडा करायला काही उरत नाही.

राखणे म्हणजे नुसते साठवणेही नव्हे. सामन्याचे नाव, मैदान, तारीख, दिवसाचे सत्र, समालोचकांची नावे आणि त्यांच्या बोलण्याच्या पाळ्या, व त्यासोबत धावलेखकाच्या वहीची छायाप्रत, एवढे प्रत्येक मुद्रणाला जोडलेले असावे. पेशवे दप्तरात रुमालांचे ढीग शतकभर पडून होते, परंतु रियासतकार सरदेसायांनी त्यांतून निवडीचे पंचेचाळीस भाग संपादून दिले तेव्हा ते अभ्यासकाच्या हाती आले. ज्या डब्यावर केवळ ‘क्रिकेट’ एवढेच लिहिलेले आहे तो डबा असून नसल्यासारखाच.

तरीही अशा बेवारशी फितींविषयी निराश होण्याचे कारण नाही. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक ऐन उमेदीत ट्रान्झिस्टरच्या पुढ्यात टेपरेकॉर्डर ठेवून सामने मुद्रित करीत. त्यांच्या घरी अशी एक कॅसेट मी ऐकली. तिच्यावरील शाई उडून गेलेली होती, मधूनच स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी येत होती, आणि एका बाजूची फीत संपल्यामुळे एक अख्खे षटक गळाले होते. सामना कोणता हे त्यांना आठवेना. पण समालोचकाने धावसंख्या सांगितली, बाद झालेल्या गड्यांची संख्या सांगितली, खेळणाऱ्या दोघांची नावे आली, थोड्या वेळाने एक झेल गेला. आणि जुने धावफलक समोर घेऊन बसताच तो मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील कोणता सामना, त्याचा कोणता डाव, हे संध्याकाळपर्यंत निश्चित झाले. धावते वर्णन आपली तारीख आपल्या पोटातच वागवीत असते. व्याख्यानाच्या किंवा गाण्याच्या बेनाम फितीला ही सोय नाही. म्हणून विनंती अशी, की आपल्या मुंबई, पुणे, नागपूर, पणजी आदी केंद्रांनी श्रोत्यांना जाहीर आवाहन करावे, घरोघरच्या कॅसेटी काही दिवसांपुरत्या उसन्या मागून घ्याव्यात, त्यांची प्रत करून त्या मालकाला सन्मानाने परत कराव्यात. हे काम विलंब सोसणारे नाही. फितीवरचा चुंबकीय लेप दमट हवेत चिकट होतो, सुटून येतो. जुन्या ॲसिटेटच्या फितींना आंबूस वास सुटला की त्यांचे आयुष्य सरत आल्याचे समजावे. कोकणपट्टीतल्या हवेत हे अधिक लवकर घडते. आणि फितीपेक्षाही त्यांचे मालक वृद्ध झाले आहेत. त्यांच्या पश्चात घर आवरताना प्रथम बाहेर जाते ते असल्याच खोक्यांतले सामान.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, त्याआधी ‘आलम आरा’ हा १९३१ चा पहिला भारतीय बोलपट हातचा निसटलेला होता. आजही त्याची प्रत उपलब्ध नाही. परंतु पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव हिंडून, गोदामांतून, भंगारवाल्यांकडून जे वाचवले त्यामुळे फाळक्यांचे काम आज आपण पाहू शकतो. नायर यांच्या हाती कोणी मोठी सत्ता दिली नव्हती, एक खाते दिले होते आणि त्या खात्याचे काम काय हे स्पष्ट सांगितले होते. आपल्या संग्रहशाखेत क्रीडावर्णनासाठी असा एक जाणता अधिकारी, दोन तंत्रज्ञ आणि जुने धावफलक वाचता येणारा एक कारकून नेमला तरी आरंभ होईल.

राखण्याजोगे काही निर्माणच झाले नाही तर संग्रह तरी कशाचा करणार, हाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. महाराष्ट्राच्या भूमीत रणजीचे तीन संघ आहेत: बेचाळीस वेळा करंडक जिंकलेला मुंबईचा, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा विजयी झालेला महाराष्ट्राचा, आणि २०१७-१८ पासून तीनदा करंडक नेलेला विदर्भाचा. विदर्भाच्या या उदयाची कथा नागपूर केंद्राच्या मराठी आवाजात सलग ऐकायला मिळावी असे कोणाला वाटणार नाही? प्रत्येक सामना देता येणार नाही हे उघड आहे. पण हंगामात प्रत्येक संघाचा निदान एक घरच्या मैदानावरचा सामना, चारही दिवस, पहिल्या चेंडूपासून अखेरच्या चेंडूपर्यंत मराठीतून द्यावा, आणि त्यासाठी नव्या समालोचकांची चाचणी घेऊन त्यांना जुन्या, जाणत्या समालोचकांच्या शेजारी बसवावे. रिकाम्या स्टेडियममध्ये, दोन धावांचे षटक रंगवून सांगता येते की नाही यावर समालोचकाची पारख होते. भरलेल्या मैदानावर आरडाओरडा कोणालाही साधतो.

हे ऐकणार कोण, असा आक्षेप येईल. १९९१ च्या मे महिन्यात वानखेडेवर हरियाणाविरुद्ध ३५५ धावांचा पाठलाग करताना मुंबईचे तीन गडी ३४ धावांत बाद झाले, मग तेंडुलकरांनी ९६ धावा झोडपल्या, आणि सरतेशेवटी दिलीप वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले असता कुरुविल्ला धावचीत होऊन मुंबई दोन धावांनी हरली. त्या शेवटच्या जोडीने ४७ धावा जोडल्या. त्यांतील प्रत्येक धाव घेतली जात असताना ध्वनिक्षेपकासमोर बसलेल्या माणसाचा आवाज कसा झाला असेल, तो ऐकण्यासाठी मी कोठेही जाईन, आणि माझ्यासारखे पुष्कळ निघतील. पण श्रोत्यांची गणना हा या कामाचा निकषच नव्हे. मोडी लिपीतले रुमाल आज किती लोक वाचतात म्हणून ते जाळून टाकावेत असे कोणी म्हणत नाही.

तेव्हा आपणांकडून पहिले पाऊल एवढेच अपेक्षित आहे, की येत्या हंगामाचा पहिला चेंडू पडण्यापूर्वी सर्व केंद्रप्रमुखांस एक परिपत्रक जावे: देशांतर्गत क्रिकेटच्या वर्णनाचे जे जे मुद्रण ज्या ज्या केंद्रात असेल त्याची यादी ठराविक मुदतीत मुख्यालयास सादर व्हावी, तोवर एकही फीत पुसली वा निकालात काढली जाऊ नये, आणि ती यादी आल्यावर, ती कितीही अपुरी असली तरी, जशीच्या तशी प्रसिद्ध करावी. यादीतल्या रिकाम्या जागा भरून काढण्यासाठी श्रोत्यांना काय शोधायचे हे मग कळेल, आणि माझ्या त्या शिक्षकस्नेह्यांची कॅसेट घेऊन पुणे केंद्राच्या दारात पहिल्या दिवशी मी हजर असेन.



आपला,
नभोवाणीचा एक जुना श्रोता